अध्यक्ष यायच्या आधी

टीव्हीवर करमणुकीचे कार्यक्रम लिहिण्यात माझी हयात गेली. नकला, छोटे प्रवेश, दोन गाण्यांमधलं निवेदन, सगळं लिहिलं. "हे शिकलात कुठे?" असं अजून विचारतात. शिकले डोंबिवलीत, गणपतीच्या मांडवात, टीव्ही इथे यायच्या कितीतरी आधी. विनोद मला कळतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. इतरांना पटायला वेळ लागला, त्याला माझा इलाज नव्हता.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. वडील गेल्यावर आईचं आणि माझं घर माझ्या पगारावर चाले. मी शाळेत भूगोल शिकवायची, पण नोकरी हंगामी. कायम करणं मुख्याध्यापकांच्या हातात, आणि नेमके तेच त्या वर्षी आमच्या गणपतीतल्या कार्यक्रमाचे अध्यक्ष.

अध्यक्षांचं भाषण झाल्याशिवाय पडदा उघडायचा नाही, असा आमच्याकडे दंडक होता. ते कल्याणहून यायचे होते आणि येत नव्हते. सतरंज्यांवर चुळबुळ सुरू झाली, मागून शिट्ट्या आल्या. कार्यक्रम मी लिहिला होता, आणि त्यात 'अध्यक्षीय भाषण' अशी एक नक्कल शेवटी होती. मी मंडळाच्या सेक्रेटरींना म्हटलं, "तीच आधी घ्या. भाषण होईल, दंडकही राहील."

"अहो बाई, आणि ते आले तर?"

"आले तर बसतील."

पोस्टातला एक कारकून काळा कोट चढवून, गळ्यात हार घालून उभा राहिला. "मी खरं म्हणजे काही बोलणार नव्हतो. पण कार्यकर्त्यांचा आग्रह मोडवेना. दोनच शब्द बोलतो." आणि ते दोन शब्द काही संपेचनात. मी कुणा एकाला धरून लिहिलं नव्हतं. सगळेच अध्यक्ष तसं बोलत. लोक हसून हसून लोळले.

नक्कल संपते न संपते तोच मुख्याध्यापक धापा टाकत आले. सेक्रेटरींनी कारकुनाच्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि त्यांना माइकसमोर उभं केलं. त्यांनी घसा खाकरला. "मी खरं म्हणजे काही बोलणार नव्हतो."

मांडव कोसळायचाच बाकी राहिला. ते आधी चमकले, मग खुलले. 'दोनच शब्द' म्हणताच पुन्हा हशा. जन्मात कुणाला न हसवलेला तो माणूस हात उंचावून रंगात आला होता, आणि मी पडद्यामागून बघत होते. हशा माझा होता. नोकरीही माझीच जाणार होती. आईला काय सांगायचं, तेवढंच डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं होतं.

"बाई, लोक मला हसले की तुमच्या लिखाणाला?"

थाप मारली असती तर कदाचित निभावलं असतं. "लिखाणाला, सर. पण त्या कारकुनापेक्षा ते तुम्हाला जास्त शोभलं."

ते खिडकीकडे वळले. "मी घरी सांगितलं, आज भाषण रंगलं म्हणून."

मला फार वाईट वाटलं.

"कायम करतो तुम्हाला," ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी मराठी घ्या. भूगोल कुणीही शिकवेल. फक्त एक करा. आमच्या घरी कधी आलात, तर ते भाषण माझं होतं."

त्यांच्या घरी मी पुढे कितीदा तरी गेले. त्यांच्या पत्नी दर खेपेला त्या भाषणाची गोष्ट काढत, आणि मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसत असे.