उजव्या पायाचा गिअर

तळेगावहून आणलेला पार्टही बसला नाही.

मी तो फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला, शेवटी टेबलावर ठेवला आणि चहा सांगितला. समोरच्या बाकावर वासुदेवराव बसले होते. अल्लीपूरहून एसटीनं आले होते. त्यांनी काही विचारलं नाही. भांडणारं गिऱ्हाईक मला परवडतं, गप्प बसणाऱ्याचा मात्र फार त्रास होतो.

सिंदी मेघेत माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. चाळीसेक वर्षं हेच करतोय. नव्या गाड्यांतल्या सेन्सरशी माझं पटत नाही, म्हणून ती कामं मी घेत नाही. जुन्या गाड्या मात्र लांबलांबून येतात. त्यांचं काम सोपं असतं, कठीण असतं ते पार्ट मिळणं. माझा अर्धा आठवडा पाना हातात न घेता, नुसता फोनवर जातो.

वासुदेवरावांची गाडी त्यांच्या वडिलांच्या काळातली, साडेतीनशे सीसीची. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आजच्या गाड्यांत हे बरोबर उलटं असतं. लोक अशी गाडी हौसेनं ठेवतात, पुसून फोटो काढतात. वासुदेवरावांना हौस वगैरे काही नव्हती. फार वर्षांपूर्वी त्यांचा डावा घोटा बैलबंडीच्या चाकाखाली आला. आत स्टीलची पट्टी बसवली, घोटा कायमचा जाम झाला. ब्रेकवर पाय दाबता येतो, पण पंजा उचलून गिअर टाकता येत नाही. म्हणजे नवी मोटरसायकल त्यांना चालवताच येत नाही. एकदा बिनगिअरची स्कूटर घेऊन पाहिली होती. पालक-मेथीचे क्रेट लादले आणि ती शेताकडच्या पांदणीतल्या काळ्या चिखलात अशी रुतली, की काढायला दोन माणसं बोलवावी लागली. ती त्यांनी विकून टाकली.

गाडी माझ्याकडे आल्यापासून त्यांचा भाजीपाला शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये येत होता. पिकअप निघणार शेजाऱ्याच्या सवडीनं. वर्ध्याच्या बाजारात पोचेपर्यंत वासुदेवरावांच्या जागेवर दुसरंच कोणी बसलेलं असायचं.

पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले होते, "जागेचं जाऊ द्या, मिस्त्री. कुठं बी जायचं तं आता दुसऱ्याले विचारा लागते, मले नेतं का म्हणून. हे नाई होत माह्याच्यानं."

हे ऐकलं आणि मी गाडी चालू करून द्यायचा शब्द देऊन बसलो.

बिघाड साधा होता. गिअरबॉक्समध्ये रॅचेट नावाचा एक दातेरी तुकडा असतो. पायानं लिव्हर दाबली की तो गिअर एक घर पुढं सरकवतो. त्याचे दाते झिजले की लिव्हर नुसती हलते, गिअर पडत नाही. ही गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढं जायला तयार नव्हती. रॅचेट बदलला की काम संपलं, असं मी छातीठोकपणे सांगितलं.

नागपूरच्या एका दुकानातून मी वर्षानुवर्षं माल घेतो. तिथून रॅचेट मागवला. तो बसेना. त्याचा दांडा जाड आणि केसिंगमधलं, म्हणजे गिअरबॉक्सच्या कवचातलं, भोक बारीक. आमच्या धंद्यात डुप्लिकेट माल खूप फिरतो. मी दुकानदाराला फोन लावून नाही नाही ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, माल ओरिजिनल है. आप गाडी देखो." मला गाडी पाहायला सांगतो म्हणून मी आणखीच भडकलो. पार्ट परत पाठवून दिला.

वासुदेवराव त्या वेळी तिथंच होते. जुना रॅचेट हातात घेतला तर त्याचे दाते कानशीनं घासल्यासारखे दिसले. मग माझी गाडी आधीच्या मेकॅनिकवर घसरली. कोण्या गाढवानं यात हात घातला, असल्या माणसाला पाना देऊ नये, सायकलचं पंक्चरसुद्धा काढू देऊ नये. बराच वेळ चाललं ते. वासुदेवराव मान खाली घालून दुपट्ट्याची घडी करत राहिले. मला वाटलं, बिचारा काळजीत आहे.

पुढचे तीन आठवडे मी रॅचेटच्या मागे होतो. हिंगणघाटचे जुने मिस्त्री विचारून झाले, पुलगावचं भंगार उपसून झालं. शेवटी कोणीतरी तळेगावच्या एका दुकानाचं नाव सांगितलं. तिथं आता फवारणी पंप आणि ठिबकचे पाइप विकतात, पण मालकाच्या वडिलांच्या काळात तिथं स्पेअर पार्ट मिळायचे. आर्वीवरून गेलो. मालकांनी माळ्यावर चढू दिलं. दोन तास धूळ खाल्ल्यावर कागदी डबीत, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला, कधी वापरलाच न गेलेला रॅचेट हाती आला. येताना मी बसमध्ये डबी मांडीवरून खाली ठेवली नाही.

आणि तोही बसला नाही.

चहा पिताना एक गोष्ट सुचली. नागपूरच्या पार्टचं माप मी भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं. आताच्या दांड्याला व्हर्निअर लावला, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन. माप तेच निघालं. एक पार्ट आजचा, एक तीसेक वर्षांपूर्वीचा, दोन्ही एकाच मापानं चुकतील कसे? म्हणजे पार्ट बरोबर होते. चूक गिअरबॉक्समध्ये होती. नागपूरवाला हेच सांगत होता.

केसिंग पेट्रोलनं धुतलं, ब्रशनं घासलं आणि उन्हात नेलं. भोकाच्या आत पितळ चमकलं. कोणीतरी भोकात बुश, म्हणजे पितळेची बारीक नळी, ठोकून ते लहान केलं होतं. तेलानं काळं पडलेलं पितळ लोखंडासारखंच दिसतं, पण खरं सांगायचं तर मी नीट पाहिलंच नव्हतं. बुशच्या कडेवर पंचनं ठोकलेले तीन ठिपके होते. माझ्या हातच्या प्रत्येक बुशवर मी असे तीन ठिपके मारतो.

मी केसिंग घेऊन वासुदेवरावांसमोर बसलो.

"वासुदेवराव, हे आधी कोणी उघडलं होतं?"

ते जरा थांबले. "तुमीच."

"कधी?"

"माही पोरगी झाली त्या साली. पार्ट कुठंच भेटत नव्हता. तुमी दुसऱ्या गाडीचा घासून बसवून देल्ला. म्हणे, महिनाभर काढा, पार्ट आला का बदलून देतो."

त्यांची पोरगी आता कॉलेजात शिकते.

"मंग सांगतलं काऊन नाई मले?" मी विचारलं.

"पह्यले वाटलं, तुमाले आठवत असन. मंग तुमी गाढव म्हणून राह्यले होते, मिस्त्री. आता कसं सांगू मी?"

मला फार लाज वाटली. मग हसू आलं, आणि मी हसल्यावर तेही हसले, मनापासून. आतल्या आत थोडा अभिमानही वाटला, तो लपवत नाही. महिन्याच्या बोलीवर बसवलेला तुकडा वीसेक वर्षं चालला होता.

केसिंग गरम करून बुश बाहेर काढला. तळेगावचा रॅचेट अंगठ्यानं दाबला तसा आत गेला. ट्रायल मी घेतली नाही, वासुदेवरावांनाच घ्यायला लावली. सेवाग्रामच्या बाजूनं गेले ते तासाभरानं आले. चारही गिअर पडले, एवढंच म्हणाले, आणि गाडीवरून न उतरताच अल्लीपूरला निघाले.

नागपूरला फोन करून माफी मागितली. दुकानदारानं चहाचं बोलावणं दिलं. दोन दिवसांनी गाडी कशी चालते विचारायला वासुदेवरावांच्या घरी फोन केला. वहिनींनी उचलला.

"सकायपासून गेले हो गाडी घेऊन. कुठं गेले, सांगतलं बी नाई."

मी बरं म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी काम छान झालं.

आता जुनी गाडी आली की मी झाकण उघडायच्या आधी गिऱ्हाईकाला विचारतो, याला शेवटचा हात कोणी लावला होता? आणि उत्तर यायला जरा वेळ लागला, की पुढं एक शब्द बोलत नाही.