संशयबाई आणि कागदाचा मासा

लक्ष्मी, लांब पुण्यात असलीस तरी अशी जवळ ये बघू. कान धरायचाय तुझा. फोनवर ‘येते की मावशी’ म्हणतीस आणि वर्ष झालं, तोंड दाखवलं नाहीस. शोभतं का हे? आज तुला संशयबाईंबद्दल सांगायचंय.

आपल्या चित्रकलेच्या बाईंना हे नाव पोरांनीच पाडलेलं. सुबक वस्तू दिसली की बाईंच्या कपाळाला आठी. वाकडातिकडा हत्ती, गोंद ओघळलेलं घर असलं की खूश. आणि नीट कापलेलं, चिकटवलेलं आलं की चष्मा वर करून विचारायच्या, “आई कितवीत आहे गं तुझी?” मी शाळेची मावशी, घंटा देऊन दाराशी उभी राहायची, हसू आवरायचं नाही. एकदा एक वडील थर्माकोलचं विमान रिक्षातून घेऊन आले. बाई त्यांनाच म्हणाल्या, “छान जमलंय तुम्हाला. बसा बाकावर, पुढचाही तास करा.”

मग सहावीत तुझा मासा आला, प्रदर्शनासाठी केलेला, रद्दीच्या कागदाचा. खवला न् खवला एका मापाचा.

“कुणी कापले?”

“मीच.”

“खोटं.”

तू मान खाली घातलीस. मला बाईंचा असा राग आला! त्यांनी कात्री आणि रद्दी तुझ्यापुढं सरकवली. तू खिडकीबाहेर बघत कचाकचा कापत सुटलीस. सगळे तुकडे एकसारखे.

दुसरी कुणी असती तर शाबासकी देऊन मोकळी झाली असती. या मला व्हरांड्यात म्हणाल्या, “मावशी, एवढ्याशा हाताला हे वळण कुठलं? चला, हिचं घर दाखवा.”

घरी तुझी आई विड्या वळत बसलेली. शेजारी तुझी जागा: पानांचं सूप, पत्र्याचं माप, कात्री.

“आमच्यात समद्याच पोरी पानं कापतात की बाई,” आई म्हणाली. “हिचा हात लई चांगला हाय. पुढच्या वर्षापासनं घरीच बसवणार.”

तेव्हापासून बाई दर शनिवारी तुमच्या दारात. विचारायच्या, आठवडाभर आली खरी, पण सोमवारी येणार कशावरून? आई वैतागायची, “पोलीस बरे की हो!” पण शाळेतून तुझं नाव काही काढलं नाही तिनं. मासाही प्रदर्शनात लागला. खाली बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हे लक्ष्मीनेच केले आहे. मी पाहिले आहे.’

आता बाई मोडनिंबला भावाकडे असतात. नजर फार अधू झालीय. मागं भेटायला गेले तेव्हा सांगितलं, आपली लक्ष्मी शाळेत चित्रकला शिकवते. तर म्हणतात कशा, “मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुम्ही. बसवली असेल तिला विड्यांना.” मी शपथ घेतली, फोनमधला तुझा फोटो दाखवला. तो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, “फोटोचं काय, कुणीही फळ्यासमोर उभं राहील.”

नुसत्या सांगण्यानं पटणारी बाई नव्हे ती. या रविवारी ये, दोघी मिळून जाऊ. त्यांना थोडंफार दिसतंय तोवर ये गं.