आँखवाले भाऊ

उजेडाबद्दल कुणी काही बोललं, की आँखवाले भाऊ एकच प्रश्न विचारायचे, "किती ते मागून सांगा, पहिले कोणता ते सांगा." शेजारीण म्हणाली, की स्वयंपाकघरात उजेड पुरत नाही, तरी हेच. ती बिचारी गोंधळून जायची. मी मात्र चिडायचो, कारण प्रश्न बरोबर असायचा.

भाऊ मूळचे धुळ्याकडचे, आयटीआय झालेले. सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका साबणाच्या कारखान्यात वेष्टनाच्या यंत्रांवर देखभालीला होते. कागदावरची खूण ओळखून यंत्र थांबवणारा प्रकाशसेल असतो, त्याला तिथले कामगार 'आँख' म्हणत. तो बिघडला की भाऊंना हाक जायची, म्हणून ते आँखवाले. सिल्वासात आमच्या घराची भिंत त्यांच्या घराला लागून होती. मी नाशिकहून आलेला, एम.एस्सी., उच्च माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारा. कॉलनीत मला 'सर' म्हणत आणि शंका विचारायला मुलं भाऊंकडे जात. माझी मंजूसुद्धा.

मंजू बारावीला माझ्याच वर्गात होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या हिवाळ्यात मी प्रकाशविद्युत परिणामाचा प्रयोग दाखवायचं ठरवलं. विद्युतदर्शीवर बसवलेल्या जस्ताच्या पत्र्याला घासलेल्या प्लास्टिकच्या दांडीने ऋण भार दिला, आतली पातळ पानं फाकली, समोर पाऱ्याच्या वाफेचा दिवा लावला. उजेडाने भार निघून जाऊन पानं मिटायला हवी होती. मिटली नाहीत. मी दिवा जवळ सरकवला, मग दुसरा दिवा आणवला. वर्ग उजेडाने न्हाऊन निघाला आणि पानं तशीच फाकलेली. शेवटी मी मुलांना जर्नलमध्ये 'पाने मिटली' असं लिहायला सांगितलं.

मंजूने ते भाऊंना सांगितलं. रविवारी ते आमच्या दारात आले आणि प्रयोगशाळा बघायला मिळेल का, असं संकोचून विचारू लागले. मंजू मागे उभी होती, नाही म्हणता येईना. सोमवारी सुट्टी काढून ते शाळेत आले. आधी त्यांनी जस्ताचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला. मग एका दिव्याची बाहेरची काच काढून आतली नळी उघडी केली आणि मुलांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून त्यावर भोक पाडलेलं खोकं ठेवलं. दिवा लागला तसा भोकातून उजेडाचा लहानसा तुकडा पत्र्यावर पडला. पानं हलकेच खाली आली. त्यांनी पुन्हा भार दिला, मध्ये खिडकीची काच धरली. पानं थांबली. काच काढली, पानं मिटली.

भाऊ मुलांना समजावू लागले, "काच बाकी सगळा उजेड जाऊ देते, जांभळ्यापलीकडचा तेवढा अडवते. आणि काम तोच करतो. एक कण येतो, एका इलेक्ट्रॉनला धक्का देतो. धक्का पुरेसा असला तर तो सुटतो, नाहीतर नाही. शंभर जणांचे अर्धे अर्धे धक्के इथं जमा होत नाहीत."

हे सगळं मला पाठ होतं. तीन वर्षं मी तेच फळ्यावर लिहीत होतो. पण काच उजेडातला नेमका हवा तो भाग खाते, हे माहीत असूनही मला सुचलं नव्हतं. मंजू त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर एके काळी माझी होती. मी भाऊंच्या हातात खडू दिला आणि म्हणालो, "आता समीकरण लिहून दाखवा." त्यांना ते येत नाही, हे मला ठाऊक होतं.

त्यांनी खडू परत माझ्या हातात ठेवला. "ते सरांचं काम," असं मुलांना सांगून ते मागच्या बाकावर जाऊन बसले आणि मी लिहिलेलं समीकरण वहीत उतरवून घेतलं.

पुढे काही आठवड्यांनी शाळेत प्रयोगशाळा साहाय्यकाची जागा निघाली. भाऊंनी अर्ज केला. कारखान्यातलं वेष्टन खातं बंद पडायच्या बेतात होतं, शिवाय त्यांना हे काम मनापासून हवं होतं. शिक्षण एका पायरीने कमी पडत होतं, पण अनुभव धरून सूट देता येत होती. प्राचार्यांनी माझा अभिप्राय मागितला. मी लिहिलं, 'नियमात बसत नाही.' खोटं काहीच लिहिलं नाही. दोन ओळी आणखी लिहिल्या असत्या, तर त्यांचं काम झालं असतं.

खातं बंद पडलं आणि गाव सोडायच्या आदल्या दिवशी भाऊ निरोप घ्यायला आले. जागेचं नाही जमलं, पण सरांनी शब्द टाकलाच असेल, असं ते आमच्या हिला म्हणाले. मी मान हलवली. मंजू आत जाऊन रडली. मला त्या रडण्याचाही राग आला.

मंजूने पुढे भौतिकशास्त्रच घेतलं. तिचा एम.एस्सी.चा निकाल लागला, त्या संध्याकाळी मला राहवलं नाही. मी तिला अभिप्रायाचं सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, भाऊंना माहीत होतं. कारकुनाने त्यांना कागद दाखवला होता. मलाही तेव्हाच कळलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, पोरी, परीक्षेपर्यंत तुला सरांकडेच शिकायचंय. त्यांना मनातून उतरू देऊ नकोस, मनातून उतरलेल्या माणसाकडून शिकता येत नाही."

मी तिच्याकडे त्यांचा पत्ता मागितला. तो तिच्याजवळ होता. वसतिगृहात असल्यापासून दोघांचा पत्रव्यवहार चालू होता. ती शंका विचारायची, ते उत्तरं पाठवायचे आणि न सुटलेलं समीकरण तिलाच उलट विचारायचे. मी पत्र लिहायला तीनदा बसलो. 'प्रिय भाऊ' यापुढे पेन सरकलं नाही.

वर्षभरात त्यांच्या घरून पत्र आलं. भाऊ गेले होते. मंजूने ते मला वाचून दाखवलं. मी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. त्यावर फक्त तिचं नाव होतं.