तिसऱ्या फ्रेमची कुस्ती

तमाम पेठकर, शेजारच्या पेठांतले हितशत्रू, माहेरपणाला आलेल्या लेकी आणि दाराआड उभं राहून ऐकणारे सगळे, यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, रॉक अँड रोलच्या इतिहासात कुणाला अमर करायचं याचा अंतिम निर्णय शिवाजी पेठेतल्या एका तालमीत, मारुतीच्या मूर्तीपासून हातभर अंतरावर घेण्यात आलेला आहे. निर्णयावर अपील नाही.

ही घोषणा मी त्या दिवशी माईकवरून करणार होतो. चांगली पाठ केली होती. का केली नाही, तेच सांगतो.

आम्ही कॉलेजात होतो तेव्हा पेठेत चौघांचा एक ग्रुप होता. एक गायक, एक ड्रमवाला आणि दोन गिटारवाले. त्यातला एक लीड वाजवायचा, म्हणजे गाण्याच्या मधोमध पुढं येऊन बोटांची करामत दाखवायचा. दुसरा रिदम वाजवायचा, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागं उभा राहून झ्यांग-चक, झ्यांग-चक करत गाणं धरून ठेवायचा. मला काहीच वाजवता येत नव्हतं, म्हणून मी निवेदक. गणपतीत मांडव हलवून सोडायचो. गाणी इंग्रजी. शब्द श्रोत्यांना कळत नसत आणि गायकालाही कळत नसत, त्यामुळं कुणाची कुणाला लाज नव्हती. पण आवाज मोठा होता, आणि कोल्हापुरात मोठ्या आवाजाला मान आहे.

त्या ग्रुपचा एकुलता एक फोटो माझ्याकडं आहे. स्टुडिओतला, मागं रंगवलेला धबधबा. ड्रमवाला पुढं स्टुलावर. मागं तिघं उभे. मधोमध रिदमवाला, एका अंगाला गायक, दुसऱ्या अंगाला लीडवाला. मधल्यानं दोघांच्या खांद्यावर असे हात टाकलेत की जणू दोन चोर पकडून चौकीत निघालाय. मी फोटोत नाही. मी फोटोग्राफरच्या शेजारी उभा राहून सगळ्यांना हसा म्हणून सांगत होतो.

हे सगळं संपून जमाना झाला. मग गेल्या वर्षी शेजारच्या तालमीनं आपल्या भिंतीवर त्यांच्या एका जुन्या बेंजोवाल्याचा फोटो लावला. हार घातला, पेढे वाटले, आणि एक पेढा मुद्दाम आमच्या तालमीत पाठवला.

आमच्या वस्तादांनी तो पेढा मांजराला घातला. वस्ताद म्हणजे ऐंशीच्या घरातला माणूस, कान मोडलेले, मान अजून खांबासारखी. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"आपल्याकडं ते इंग्रजी वाजवणारं हुतं न्हवं? तुझ्यासंगट?"

"होतं की. रॉक अँड रोल."

"बेंजोपेक्षा मोठं?"

"लय मोठं."

"मग लावूया. तू अध्यक्ष. तूच ठरीव कुणाकुणाचं फोटो लावायचं."

अध्यक्ष! मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "भाजी आणली का?"

दुसऱ्या दिवशी भिंत बघायला गेलो आणि माझं अध्यक्षपद तिथंच संपलं. एका बाजूला पैलवानांचे फोटो, दुसऱ्या बाजूला फुटबॉलच्या ढालींचं कपाट, मधे मोकळी जागा तीन फ्रेमांची. चौथी लावायची तर ती मारुतीच्या डोक्याच्या वर जात होती, आणि आमच्या तालमीत मारुतीच्या वर कुणाचाही फोटो लागत नाही. मोठमोठे पैलवान मारुतीच्या खालीच आहेत.

"तीन बसत्यात," वस्ताद म्हणाले. "चौथा काढ."

गायकाला काढता येत नव्हतं. तो वारला होता, आणि मेलेल्या माणसाबद्दल पेठेत दुमत नसतं. ड्रमवाला तालमीच्या कमिटीवर होता, शिवाय भिंतीला रंग त्यानंच दिला होता. राहिले दोन गिटारवाले, आणि फ्रेम एक.

त्या संध्याकाळी रिदमवाला माझ्याकडं आला. त्याचं पेठेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. दुकान बंद झालं होतं, घराचा व्यवहार ठरला होता, आणि महिनाअखेरीस तो पुण्याला मुलाकडं कायमचा राहायला निघाला होता. पुढ्यातला चहा त्यानं बाजूला सारला.

"भावा," म्हणाला, "तिथं चौदावा मजला हाय. लिफ्टमध्ये पोरं अंकल म्हणत्यात. नाव कुणाला ठावं न्हाय."

"होईल रे ओळख."

"व्हईल तवा व्हईल. पर जन्म हितं गेला न्हवं? आता हितं दुकान न्हाय, घर न्हाय. भिंतीवर तेवढं असू दे मला. मागं कायतरी ऱ्हायलं म्हंजे बरं वाटंल."

मी छातीवर हात मारून म्हणालो, "तू भिंतीवर लागलासच म्हणून समज. अध्यक्ष कोण आहे?"

सकाळी वस्तादांकडं गेलो आणि आयुष्यातलं सगळं वक्तृत्व पणाला लावलं. म्हटलं, वस्ताद, लीड म्हणजे घराचा रंग, रिदम म्हणजे स्लॅबमधली सळी. सळी नसेल तर घर कोसळंल.

वस्तादांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बराबर हाय. पर सळीचा फोटो कोण लावतंय का?"

मी थेट लीडवाल्याकडं गेलो. तो कसबा बावड्याला बंगला बांधून राहतो. त्यानं सगळं ऐकलं आणि एका झटक्यात म्हणाला, "त्याचा लाव. मी माघार घेतो." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आनंदानं ही बातमी तालमीत आणली.

वस्ताद ताडकन उठले. "माघार? माघार घेतलेल्याचं तोंड ह्या तालमीत कुठं दिसतंय का तुला? आणि समोरच्यानं माघार घेतली म्हणून जिकल्याला मी भिंतीवर चढवू? पेठ हसंल. दोघांची जोड लावा. हुंदे निकाल."

म्हणजे कुस्ती. दोन गिटारवाल्यांची जोड, वस्ताद पंच, जिंकेल त्याची फ्रेम. मी सांगायचा प्रयत्न केला की संगीतात असं करत नाहीत. कमिटीतल्या एकानं मला विचारलं, "मग कसं करत्यात?" आणि मी विचार करायला लागलो. जगात जिथं कुठं असले मान देतात, तिथंही बंद दारामागं काही लोक बसून कुणाला आत घ्यायचं ते ठरवत असणार. आमचं निदान दार उघडं होतं.

रविवारी संध्याकाळी तालमीच्या अंगणात जोड लागली. आखाड्याला लावतात तशी दोरी लावलेली. दोन अँप्लिफायर, समोर खुर्च्यांवर कमिटी, कुंपणाच्या भिंतीवर पोरं, शेजारच्या घरांच्या गॅलरीत बायका. वस्तादांनी दोघांना मधे बोलावून हात मिळवायला लावले आणि नियम सांगितले. "कडंला जाऊन बसायचं न्हाय. वेळ काढायचा न्हाय. एक खेळतोय तवा दुसऱ्यानं हात लावायचा न्हाय. सलामी घ्या."

गिटारवाल्यांनी सलामी घेतली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

लीडवाल्याचं मन नव्हतं, ते त्याच्या पहिल्या चार सुरांत कळत होतं. पण बोटं लबाड असतात. कुणीतरी शिट्टी मारली, आणि बोटं पळत सुटली. वर गेला, खाली आला, एक सूर असा ताणला की गॅलरीतल्या एका म्हातारीनं कानावर पदर घेतला. टाळ्या, आरोळ्या. एकानं डोक्यावरची टोपी उडवली, ती पत्र्यावर गेली आणि अजून तिथंच आहे.

मग आमचा रिदमवाला पुढं आला. गिटार पोटाशी धरली, डोळे मिटले आणि सुरू केलं. झ्यांग-चक, झ्यांग-चक, झ्यांग-चक.

लोक थांबले. बराच वेळ थांबले.

"अजून सूर लावाय लागलाय का?" भिंतीवरून आवाज आला.

"मामा, चालू करा की!"

"आरं, चालूच हाय!" तो डोळे न उघडता ओरडला. झ्यांग-चक, झ्यांग-चक.

खरं तर सगळं तिथंच होतं. गायकाच्या जागा मोकळ्या सोडून तो वाजवत होता. जिथं गायक श्वास घ्यायचा तिथं तो हलका होत होता. जिथं लीडवाला पुढं यायचा तिथं त्यानं एक पाऊल मागं घेतलं, आणि मागं कुणीच नसल्यामुळं दोरीला टेकला. पूर्ण गाणं वाजत होतं, फक्त बाकीची माणसं त्यात नव्हती. ड्रमवाल्याचा गुडघा खुर्चीवर उडायला लागला. लीडवाल्यानं दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबले, कारण आखाड्यात दुसऱ्यानं हात लावायचा नसतो. आणि वस्तादांच्या धोतराखाली पायाचा अंगठा हलताना मला दिसला. त्यांनाही दिसला. त्यांनी खाली बघितलं आणि तो थांबवला.

माईक माझ्या हातात होता. दोन वाक्यं बोललो असतो तर लोकांना कळलं असतं की ते काय ऐकताहेत. उभा जन्म बडबडण्यात घालवलेला मी माईक तोंडाशी नेणारच होतो. पण वस्तादांनी एक बोट वर करून मला गप्प केलं. जोड चालू असताना निवेदक बोलत नाही, हाही त्यांचाच नियम.

निकाल लागला. "बचाव लय चांगला," वस्ताद म्हणाले. "एकदा पाठ टेकली न्हाय गड्यानं. पर हल्ला न्हाय. फ्रेम लीडवाल्याची."

रिदमवाल्यानं हरलेला पैलवान करतो तसा जिंकलेल्याचा हात स्वतः वर केला. लीडवाल्याला रडू फुटलं. पेठेला वाटलं आनंदानं.

फोटो माझ्याकडं एकच होता, तो मी स्टुडिओत दिला. म्हटलं, ह्यातले हे तिघं वेगळे कर आणि मोठे कर. मधल्यावर बोट ठेवून "हा नको" म्हणताना मला दुसरीकडं बघावं लागलं. आलेल्या फ्रेमा कागदात गुंडाळलेल्याच मी तालमीत पोचवल्या. उघडून बघण्याइतकं धैर्य नव्हतं.

अनावरण नेमकं रिदमवाल्याच्या निघण्याच्या आदल्या दिवशी आलं. मी म्हटलं, तू नको येऊस. तो म्हणाला, "का? माझंच दोस्त हाईत की." इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत उभा राहिला. नारळ फुटला, मारुतीला उदबत्ती लागली. शेजारच्या तालमीतलेही आले होते, हाताची घडी घालून. वस्तादांनी मला खूण केली, घोषणा कर. मी माईक तोंडाशी नेला आणि त्याच्याकडं बघितलं, आणि पाठ केलेली घोषणा न करताच माईक खाली ठेवला. शेवटी वस्तादांनी स्वतःच कापड ओढलं.

तीन फ्रेमा. स्टुलावरचा ड्रमवाला, हसणारा गायक, केस वाढवलेला लीडवाला. मोठे केलेले, धबधबा पुसून मागं निळा रंग टाकलेला. जमलेले सगळे हात जोडून उभे. स्टुडिओवाल्यानं मधला माणूस सफाईनं काढला होता, पण गायकाच्या डाव्या खांद्यावर पाच बोटं होती आणि लीडवाल्याच्या उजव्या खांद्यावर घड्याळ बांधलेला हात होता. ते काढायचे तर खांदे फाटले असते.

मला दिसायच्या आधी रिदमवाल्याला दिसलं. तो दोन पावलं पुढं गेला, मान वाकडी करून एका फ्रेमकडं बघितलं, मग दुसऱ्या, आणि त्या शांततेत, वस्तादांसमोर, मारुतीसमोर, त्याच्या तोंडून मोठ्यांदा निघालं,

"आयला, माझं दोन्ही हात हितंच ऱ्हायलं की!"