लाल पेन्सिलीची चौकट

सिद्धलिंगअप्पांशी मी आयुष्यात एकदाच भांडलो, तेही एसटीत, उभ्या उभ्या. मी वालूरच्या शाळेत मास्तर, आणि जिंतूरच्या साप्ताहिकाला पत्रं पाठवायची मला भारी हौस. हिरवी शाई, मोठ्या शब्दांखाली दोन-दोन रेघा, वाक्यागणिक उद्गारचिन्हं. छापून आलं की यातलं काही म्हणजे काही शिल्लक नसे. शब्द मात्र एकही गळलेला नसे. अप्पा राहायला आमच्याच गावात, आणि जिंतूरला त्या साप्ताहिकाच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला रोज एसटीनं जात. मी झापलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमचं म्हणणं छापलं ना? मंग रंगरंगोटी तुमच्याच कागदावर ऱ्हाऊ द्या की."

हे सोवळं त्यांनी का धरलं, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. पण स्वतःची उद्गारचिन्हं गेली की माणसाला दुसऱ्याची कारणं आठवत नाहीत.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. नामांतराचे दिवस. छापलेल्या एका ओळीनं कुठं काय पेटेल याचा नेम नव्हता. म्हणून मालक दत्तराव प्रत्येक मजकूर स्वतः वाचत आणि लाल पेन्सिलीनं खुणा करत: हे काढा, ते ठेवा, याला चौकट घाला. लाल म्हणजे मालकाचा हुकूम, बाकी सगळा मजकूर, असा छापखान्याचा कायदा होता. अप्पा अर्थ वाचत नसत. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. एकेक खिळा लावणाऱ्याला वाक्याकडे बघायला सवड कुठली?

गावातल्या किशनरावाचं आणि बायनाबाईचं बोळातल्या भिंतीवरून वाकडं होतं. बायनाबाई आमच्या गावची सुईण, निम्मं वालूर तिच्या हातावर जन्मलेलं. किशनराव लग्नपत्रिका छापायला गेला तेव्हा लाल पेन्सिलीचा कारभार नीट बघून आला. पत्रिका आणायला गेला त्या दिवशी दत्तराव परभणीला गेले होते. यानं अप्पांच्या हातात एक कागद दिला. बायनाबाईच्या हयगयीनं एक बाळ दगावलं, असं त्यात लिहिलेलं. भोवती लाल चौकट, आणि वर लालच अक्षरांत, 'पहिलं पान, मोठा टाइप'. मालकांनी बघितलेलं दिसतंय, म्हणून अप्पांनी ते बिनबोभाट जुळवलं. असं बाळ गावात कधी नव्हतंच.

'तुझं नाव आलंय' म्हणून कुणीतरी हातात दिलेला अंक घेऊन बायनाबाई माझ्याकडे आली. तिला वाचता येत नव्हतं, पण चौकट दिसत होती. "माझं एवढं मोठं काय लिवलंय, गुरुजी?" मी वाचून दाखवलं. तिनं अंकाची घडी घातली आणि पदराखाली धरून घरी गेली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला बोलावणं येईना. पुढच्या अंकात खुलासा आला, चार ओळींचा, तेलाच्या जाहिरातीखाली. तो कोण वाचतो? अप्पा तिच्या दारात जाऊन म्हणाले, "बाई, चूक माझी हाय. लाल दिसलं अन् हात चालला."

"तुमी माफी मागून मला बोलावणं येतंय व्हय, अप्पा?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून बाहेरचा मजकूर थेट खिळ्यांकडे जायचा बंद झाला. अप्पा तो आधी कोऱ्या कागदावर निळ्या शाईत उतरवून काढत. अक्षरं, स्वल्पविराम, पूर्णविराम आणि परिच्छेद, एवढंच घ्यायचं. त्या नकलेवर मग दत्तरावांनी खुणा करायच्या. "अप्पा, नुसतं लाल तेवढं खोडा की," दत्तराव वैतागले. अप्पा म्हणाले, "वाईट हुडकत बसलं की एखादं नजरंतून सुटतंय, मालक. उद्या कुणी तिसरंच कायतरी आणील. त्यापरीस पायजे तेवढंच उचलायचं." त्या 'पायजे'मध्ये उद्गारचिन्ह बसत नव्हतं, ही माझी तक्रार आजही आहे.

त्याच वर्षी त्यांची लेक बसम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. अप्पांच्या बायकोनं, महादेवीनं, सेलूच्या दवाखान्याची तयारी करून ठेवली. अप्पा एवढंच म्हणाले, "ही बी बायनाबाईच्याच हातावर झालेली. तिचं नाव माझ्या हातानं गेलंय. पुढचं तुमी मायलेकी ठरवा." महादेवी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बसम्माच म्हणाली, "बायनामावशीला बोलवा."

भर दुपारी, अख्खी गल्ली ओट्यावर बसलेली असताना, मुलगी झाली.

अप्पांनी बातमी लिहिली, आणि आपल्याच नियमाप्रमाणे तीही कोऱ्या कागदावर निळ्या शाईत उतरवली: 'वालूरच्या बायनाबाईंच्या हातून आमची कन्या बसम्मा सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी खुशाल.' एकही खूण नाही. दत्तरावांनी बातमी दोनदा वाचली आणि लाल पेन्सिल उचलली.

अंक आला त्या सकाळी मी तो घेऊन पळतच बायनाबाईकडे गेलो, वाचून दाखवला. ती कागदाकडे बघत राहिली.

"ही चौकट हाय न्हवं?"

"आहे."

"मागल्या येळंएवढी?"

"तिच्याहून मोठी."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला चक्क दारातून बाजूला केलं. "लय बरं झालं, गुरुजी. पण सरका आता. तात्यारावाच्या सुनंला कळा सुरू झाल्यात, दोनदा निरोप आलाय."