पुसला गेलेला नंबर

महाडमधल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी कॉम्प्युटरचं काम बघतो. आमचं सॉफ्टवेअर आभासी मशीनवर चालतं. म्हणजे मागच्या खोलीतल्या खऱ्या मशीनच्या पोटात आणखी एक, नुसतं सॉफ्टवेअरचं मशीन. काही बदलण्याआधी त्याचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला, की बिघडल्यावर एका बटणावर सगळं त्या क्षणाला परत नेता येतं. त्यानंतर लिहिलेलं मात्र पुसलं जातं. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं.

लावणीचे दिवस होते. सोमवारी सकाळी स्नॅपशॉट घेऊन मी नवीन अपडेट टाकलं. मंगळवारी काउंटरवरची मुलगी जेवायला गेली म्हणून तिच्या जागी बसलो होतो. उमरठच्या वरच्या वाडीतले एक काका बायकोला घेऊन आले. तिला चार दिवस ताप, डोळे पिवळट. चिखलात राबणाऱ्याला असा ताप आला की आमच्याकडे आधी लेप्टोची शंका घेतात. पोलादपूरच्या डॉक्टरांनी तीच तपासणी चिठ्ठीवर लिहिली होती. तिचं नाव आमच्याकडे आधीपासून होतं, नंबर मुंबईतल्या मुलाचा. वाडीत रेंज नाही, त्यामुळे आमच्या कितीतरी पेशंटांचे नंबर असे मुंबईचे असतात.

"तो काढ," काका म्हणाले. "पोराचा फोन बंद पडलाय. फाट्यावरच्या दुकानाचा घाल. दुकानवाला मानूस धाडतो वर."

"आणि विसरला तर?"

"इसरतोय कसला. कोन आजारी हाय त्ये आमच्याआधी त्याला ठावं."

"चहापत्ती पन धाड म्हनावं," बायको बाकावरून म्हणाली.

मी नंबर थेट स्क्रीनवर बदलला. चिठ्ठीवर लिहिला नाही. "फोन आला की मगच या, उगाच हेलपाटा नको," हेही मीच सांगितलं.

बुधवारी अपडेटमुळे रिपोर्ट छापले जाईनात. बाहेर माणसं ताटकळलेली, आमचे डॉक्टर चिडलेले. अशा वेळी आधी नोंदी थांबवायच्या, त्यांची वेगळी प्रत काढायची, बिघडलेल्या स्थितीचाही स्नॅपशॉट घ्यायचा आणि मगच मागे जायचं. आताची स्थिती जपून ठेवायची का, असं स्क्रीननेही विचारलं. डिस्कवर जागा नव्हती. जागा करायला अर्धा तास लागला असता. मी चौकटीतली खूण काढली आणि बटण दाबलं. दहा मिनिटांत प्रिंटर सुरू झाला. डॉक्टरांनी पाठ थोपटली.

दोन दिवसांच्या नोंदी मुलींनी चिठ्ठ्यांवरून पुन्हा भरल्या. चिठ्ठीवर नसलेली एक गोष्ट फक्त मला माहीत होती. ती मला आठवली नाही.

गुरुवारी रिपोर्ट आला. लेप्टो होता, मूत्रपिंडांवर परिणाम झालेला. काउंटरवरून दोनदा फोन केला, तो मुंबईच्या त्या बंद नंबरवर. मग 'फोन लागत नाही' असं लिहून कागद ट्रेमध्ये गेला. आमच्याकडे असे कागद रोज पडतात. शनिवारी मी ट्रे चाळताना गावाचं नाव वाचलं, नंबर पाहिला, आणि मंगळवार आठवला. त्याच वाडीतल्या दुसऱ्या एका पेशंटच्या नोंदीत फाट्यावरच्या दुकानाचा नंबर सापडला, तिथे फोन लावला. माणूस वर धावला. तिला डोलीतून फाट्यावर आणि तिथून जीपने महाडला आणलं. रविवारी ती गेली.

बाराव्याला मी वाडीत गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो.

"काका, तो फोन..." मी सुरुवात केली.

"तू केलास म्हनून तरी कळलं," ते म्हणाले. "नायतर वाट बघत बसलो असतो. आमच्याकडं रेंज नाय, त्यात तुझा काय दोष?" मग भावकीतल्या माणसांना सांगितलं, "ह्यानंच फोन केला." कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली. मी बसलो. चहा घेतला. सांगितलं नाही.

आता नोंदी वेगळ्या डिस्कवर असतात, आणि प्रत काढल्याशिवाय मी मशीन मागे नेत नाही. काका अधूनमधून शुगर तपासायला येतात. काउंटरवरची मुलगी नंबर विचारते, तेव्हा ते माझ्याकडे बोट दाखवतात.

"त्याला इचार. त्याला पाठ हाय."