बूट कुठल्या मॉडेलला येतो?

काल संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून नातीचा फोन आला. कॅब हलत नव्हती, म्हणून आजोबा आठवले... ऑफिसची गँग गुलमर्गला चाललीय. मैत्रिणीचे जुने स्की बूट मिळालेत, पण आतलं अस्तर पार गेलंय. "आजोबा, नवे लायनर कुठले घेऊ? तुम्ही स्कीइंग केलंय ना?"

केलंय म्हणजे... चार पावलं घसरलो आणि उरलेला वेळ बसून होतो. पण 'लायनर' शब्द कानावर पडला आणि मी थेट सत्तरच्या दशकातल्या चिंचवडात जाऊन उभा राहिलो.

शाळेत हिमालयावरच्या कविता मी इतक्या चालीवर म्हणायचो, की गुरुजी म्हणत, पुरे रे, वितळेल तो. प्रत्यक्षात बर्फ पाहिलेला फक्त उसाच्या रसात... त्यामुळे कंपनीच्या हायकिंग क्लबातून मनालीच्या स्की कोर्सला माझं नाव निघालं, तेव्हा मशीनच्या खडखडाटातही मला भुजंगप्रयात ऐकू येऊ लागला.

घोडं अडलं पायापाशी. कोर्सवाल्यांकडे नऊ नंबरपर्यंतचेच बूट आणि माझी फावडी अकरा नंबरची. स्वतःचे बूट आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला... नशिबाने एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना आपले स्की बूट मला देऊन गेला होता. आम्हा दोघांत सारखं काही असेल तर पायाचं माप. बूट बाहेरून टणक प्लॅस्टिकचे, ठणठणीत. आतलं मऊ अस्तर मात्र माळ्यावरच्या उंदरांनी फस्त केलेलं.

त्या अस्तराला लायनर म्हणतात, एवढं त्या साहेबाकडून कळलं होतं. बूट पिशवीत घालून मी हायवेवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो.

"लायनर आहेत?"

"ब्रेकचे का इंजिनचे?"

"बुटाचे."

शेठने पेन्सिल कानावर ठेवली आणि गंभीरपणे विचारलं, "बूट कुठल्या मॉडेलला येतो?"

मग सूत्रं गायकवाडने हातात घेतली. टूलरूममधला माझा जिवलग मित्र... त्याने कॅन्टीनच्या टेबलावर स्कूटरच्या सीटचा फोम आणि पॉलिशिंगच्या चाकाचा जाड लोकरी फेल्ट मांडला. मी चाकणच्या बाजारातून धनगरी घोंगडी आणली होती. मला तीच हवी होती. मेंढ्या, डोंगर, धुकं... वस्तू कसली, कविताच ती!

"घोंगडीला मापाचा टॉलरन्स नसतो, राव," गायकवाड म्हणाला. फोमवर त्याने स्वतः बसून पाहिलं आणि 'दिल्लीपर्यंत पापड होईल' म्हणून तो बाजूला सारला. राहिला फेल्ट. मग माझ्या अनवाणी पायाला व्हर्निअर लावून त्याने बोटाबोटाचं माप घेतलं. मी गुदगुल्यांनी वळवळलो, तर ओरडला, "हलू नको भावा, तू आता मशीनवरचा जॉब आहेस!"

निघायला दोन दिवस उरले असताना आमच्या घरी फेल्टच्या लायनरची ट्रायल झाली. सौ.ने खास विणलेले लोकरीचे मोजे मी चढवले... आणि तेव्हा लक्षात आलं, मोज्यांची जाडी कुणीच धरली नव्हती. गायकवाड डगमगला नाही. "प्रेस फिट आहे," म्हणाला आणि लाकडी हातोडीने टाचेखाली दोन ठोके दिले. दोन्ही पाय आत गेले. आनंदाने मी खोलीत फेऱ्या मारल्या. खालच्या बिऱ्हाडाने काठीने छत ठोकलं.

आत गेलेले पाय बाहेर मात्र येईनात. सगळे बकल उघडले, ओढलं, पिळलं... छे. पायाला मुंग्या आल्या. सौ. शांतपणे म्हणाली, "अहो, असेच बसा आता गाडीत. चोरीला तरी जाणार नाहीत."

गायकवाडने डोकं खाजवलं. "शाफ्ट अडकला की आपण काय करतो? बाहेरचं हाउसिंग गरम, आतला शाफ्ट थंड!" सौ.ने स्टोव्हवर पाणी चढवलं. बर्फासाठी मला जिन्यावरून धाडधाड उतरवून कॉलनीच्या गेटवरच्या गोळेवाल्यापुढे बसवलं. चऱ्होलीचा म्हातारा होता. त्याने बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पायाला गोळा व्हय? आन् काडी कुठं लावू?"

सगळी कॉलनी जमली. बाहेरून गरम पाणी, आतून किसलेला बर्फ. सौ.ने मला मागून काखेत हात घालून धरलं, गायकवाडने पुढून ओढलं... आणि एकेक बूट घेऊन तो दोनदा मागच्या मागे आडवा झाला. माझ्या बोटांमधून गार बर्फ ओघळला. मी डोळेच मिटले... इतक्या कवितांनंतरचा माझा पहिला हिमस्पर्श!

"सरबत कंचं टाकू?" म्हाताऱ्याने विचारलं.

फेल्ट पाणी पिऊन पावासारखा फुगला, बाद झाला. उरली माझी घोंगडी. या वेळी आधी मोजे, मग माप. सौ.ने रात्रीतून दोन्ही अस्तरं शिवली. पाय अलगद आत गेला, अलगद बाहेर आला. गायकवाड नाइलाजाने म्हणाला, "स्लाइडिंग फिट आहे..."

मनालीला पहिल्या सकाळी सगळे शिखरांकडे बघत उभे होते. मी ओंजळभर बर्फ उचलला आणि सवयीने तोंडात टाकला... फिका लागला हो. एवढ्या हिमालयासमोर मला आठवला तो चिंचवडच्या धुळीत बूट घेऊन आडवा झालेला गायकवाड.

नातीला रात्री उत्तर पाठवलं. कुठलेही लायनर घे, पण मोजे घालून माप दे. आणि बूट पहिल्यांदा घालशील तेव्हा एक ओढणारं आणि एक धरणारं माणूस जवळ असू दे.

माझा ओढणारा जाऊन आता बरीच वर्षं झाली... धरणारी आहे. सोफ्यावरून उठताना अजूनही काखेत हात घालते आणि विचारते, "पाणी तापवू का?"